माईक कॅन्ड्रिया यांची कारकीर्द आणि आपल्या शाळेच्या मैदानावरचा सॉफ्टबॉल

पर्वतीपायथा
शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांपुढे सॉफ्टबॉल प्रशिक्षकाच्या कारकिर्दीवर बोलायचं आहे. नमुना म्हणून अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाचे निवृत्त प्रशिक्षक माईक कॅन्ड्रिया घेतले आहेत. टिपण खाली देतोय. त्यात काही चुकलं असेल तर सांगाच, पण पुण्यातल्या शाळेत किंवा क्लबात काम करणाऱ्याला यातलं काय खरंच वापरता येईल, ते जास्त हवंय. जिद्द, चिकाटी आणि शिस्त यांवर बोलणारे पाहुणे दरवर्षी येतात, त्यामुळे ते वगळून.

टिपण: कॅन्ड्रिया मूळचे बेसबॉलवाले. सेंट्रल ॲरिझोना कॉलेजात आधी बेसबॉलचे सहायक, मग १९८१ पासून सॉफ्टबॉलचे मुख्य प्रशिक्षक. तिथे १९८४ आणि १९८५ अशी लागोपाठ दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद. १९८६ च्या हंगामापासून टुसॉनला ॲरिझोना विद्यापीठात. तिथली विजेतेपदं ८: १९९१, १९९३, १९९४, १९९६, १९९७, २००१, २००६, २००७. ॲरिझोनाकडून एकूण १,६७४ विजय. २०२१ मध्ये निवृत्त. मधल्या काळात २००४ आणि २००८ ला विद्यापीठाचं काम बाजूला ठेवून अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक. अथेन्सला जाण्याच्या तोंडावर त्यांच्या पत्नीचं अचानक निधन झालं, तरी ते संघाबरोबर गेले. तिथे ९ सामन्यांत ५१ रन काढले, दिला फक्त १. बीजिंगला अंतिम सामन्यात जपानकडून ३-१ अशी हार.

शनिवारपेठी
टिपण बरोबर आहे. १९९५ ची एक गंमत घाला हवी तर. त्या वर्षी ॲरिझोनाच्या लॉरा एस्पिनोझानं हंगामात ३७ होमरन मारले, पण अंतिम सामना यूसीएलए या विद्यापीठानं जिंकला. पुढे यूसीएलएचं ते विजेतेपद नियमभंगामुळे रद्द झालं, पण ॲरिझोनाला काही ते दिलं गेलं नाही.

मात्र मूळ प्रश्नावर माझं मत सरळ आहे: काहीही घेता येणार नाही. त्यांच्याकडे स्वतःचं स्टेडियम, शिष्यवृत्तीवर आलेल्या मुली, पगारी सहायक. आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानाचा एक कोपरा, तोही साडेपाचला रोलर फिरेपर्यंत. विद्यार्थ्यांना उगाच हरखून टाकू नका.

१३_मीटर_११
शनिवारपेठी, ॲरिझोना विद्यापीठापुरतं तुमचं पटतं. पण टिपणातली कामाची ओळ वेगळीच आहे, आणि पर्वतीपायथा यांनी ती दोन वाक्यांत उरकली आहे. १९८१ ते १९८५.

अमेरिकेतलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे दोन वर्षांचा कारभार. मुलगी येते, दोन हंगाम खेळते, जाते. दरवर्षी निम्मा संघ नवा. आपल्याकडे १४ खालील, १७ खालील, १९ खालील असे गट आहेत. सहावीत धरलेली मुलगी आठवी-नववीत गट बदलते आणि दहावीला क्लासच्या नावाखाली गायब होते. म्हणजे एका मुलीवर सलग काम करायला तीन, फार तर चार वर्षं. कॅन्ड्रिया यांनी दोनच वर्षं हाताशी असणाऱ्या मुलींतून संघ उभा करून लागोपाठ दोनदा विजेतेपद घेतलं, ते शिकण्यासारखं. टुसॉनला त्यांच्याकडे आलेल्या पिचर (बॅटरला चेंडू टाकणाऱ्या) आठ-दहा वर्षं पिचिंग करून आलेल्या असायच्या. त्यांना ज्या कुणी लहानपणी घडवलं, त्या जागेवर आपण आहोत. विद्यापीठाचा सराव-आराखडा नेटवरून उतरवून सातवीच्या मुलींना देणारे सर पाहिले की कपाळाला हात लावावासा वाटतो.

तेव्हा 'विजेतेपद कसं मिळवलं' हा प्रश्नच नको. दोन-तीन वर्षांत पिचर कशी उभी करायची, असं विचारा. सॉफ्टबॉलच्या प्रशिक्षकाची कारकीर्द पिचरच्या रांगेवर चालते. एक पिचर असेल तर एक चांगलं वर्ष मिळतं. पाठोपाठ तीन असतील तर लोक त्याला प्रशिक्षक म्हणतात.

फक्कीवाला
पिचर नंतर, आधी मैदान. कोपऱ्याची तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांनी तो कोपरा कधी नीट आखलेलाच नसतो. अंदाजानं पावलं मोजून बेस टाकतात. मग मुलींची धाव आणि फेक त्या चुकीच्या अंतराला बसते, आणि जिल्ह्याच्या सामन्यात प्रत्येक चेंडू अर्धा सेकंद उशिरा पोचतो.

दोन माणसं, ३० मीटरच्या दोन टेप, चार खुंट्या, सुतळी, फक्की. वीस मिनिटं लागतात.

होम प्लेटच्या (बॅटर जिथे उभी राहून मारते ती पाचकोनी पाटी) मागच्या टोकाला खुंटी ठोका. तिथून ज्या दिशेला मैदान हवं त्या दिशेला २५.८६ मीटरवर दुसरी खुंटी. हा दुसऱ्या बेसचा मध्य. आता एक टेप होमला, एक टेप दुसऱ्या बेसला धरा आणि दोन्हींवर १८.२९ मीटर ताणून उजवीकडे जिथे जुळतात तिथे पहिला बेस, डावीकडे तिसरा. काटकोन वेगळा काढायची गरज नाही, तो आपोआप येतो. पहिला आणि तिसरा बेस पूर्णपणे चौकोनाच्या आत येतात. दुसऱ्या बेसचा मात्र मध्य खुंटीवर. इथे नेहमी घोळ होतो.

पिचरची पाटी होमच्या टोकापासून १३.११ मीटरवर (मुली), मुलांच्या वरच्या गटात १४.०२. हे माप पाटीच्या पुढच्या कडेपर्यंतचं. पहिला आणि तिसरा बेस जोडणारी सुतळी धरली तर मुलींची पाटी तिच्यामागे वीतभर येते. तशी आली नाही तर कुठेतरी टेप ढिली राहिली आहे. पाटीभोवतीचं वर्तुळ २.४४ मीटर त्रिज्येचं. ते आखायचा कंटाळा करू नका, त्यावर एक अख्खा नियम उभा आहे (स्कोअरबुकताई सांगतीलच). बॅटरची चौकट २.१३ बाय ०.९१, प्लेटपासून १५ सेंटिमीटर सोडून.

दिशा: पुस्तकात पूर्व-ईशान्य लिहिलेली असते. सकाळी साडेसहाचा सराव असेल तर ती आंधळेपणानं घेऊ नका, बॅटरच्या डोळ्यात थेट ऊन येतं. सकाळचा सराव असेल तर बॅटरचं तोंड पूर्वेला नको, संध्याकाळचा असेल तर पश्चिमेला नको, दोन्ही वेळा असेल तर उत्तरेला.

आणि क्रिकेटची खेळपट्टी आखणीच्या आत येऊ देऊ नका. कडक पट्टीवरून जमिनीलगतचा चेंडू अंगावर उसळतो आणि शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली) मुलगी आठवड्यात चेंडूपासून मान फिरवायला शिकते. ती सवय मोडायला हंगाम जातो. पट्टी टाळता येत नसेल तर ती आऊटफिल्डमध्ये जाईल असं होम फिरवा.

डावरी_धाव
पावसाळ्याचं पण सांगा ना. शाळांच्या स्पर्धा ऐन पावसात सुरू होतात आणि जून-जुलैत काळी माती बुटाला किलोभर चिकटते.

फक्कीवाला
काळ्या मातीवर बेसच्या वाटा आणि होमभोवती मुरूम टाकून दाबून घ्यायचा, चार बोटं पुरतो. पण हे मेमध्ये करायचं काम. जुलैत टाकलात तर मुरूम मातीत जातो आणि खर्च पाण्यात. चामड्याचे चेंडू ओल्यात काढू नका, पाणी पिऊन जड होतात आणि लहान मुलींची कोपरं धरतात. पावसाळ्यात सरावाला सिंथेटिक आवरणाचे वापरा. चेंडूचं नियमातलं वजन १७८ ते १९८ ग्रॅम, किराणा दुकानातल्या काट्यावरसुद्धा तपासता येतं. भिजलेला ग्लोव्ह उन्हात ठेवायचा नाही. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत, खिशात चेंडू ठेवून पट्ट्यानं बांधून. उन्हात वाळवलेला ग्लोव्ह पापडासारखा होतो.

१३_मीटर_११
आता पिचिंग. विंडमिल (हात पूर्ण गोल फिरवून खालून टाकणं) शिकवताना आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण गोल फिरवायला लावणं. उलट्या क्रमानं शिकवा, शेवटाकडून सुरुवातीकडे.

पहिले दोन आठवडे फक्त मनगट. दोघी समोरासमोर, ३ मीटर अंतर, हात मांडीजवळ, झटका देऊन चेंडू सोडायचा. चेंडूवर काळ्या इन्सुलेशन टेपची एक पट्टी गोल चिकटवा. सरळ फिरत असेल तर पट्टी रेघेसारखी दिसते, मनगट वाकडं असेल तर डगमगते. मुलीला स्वतःलाच दिसतं, सरांनी ओरडावं लागत नाही. मग हात मागे घड्याळाच्या ९ च्या काट्यावर ठेवून ५-६ मीटरवरून. मग वर १२ च्या काट्यावरून. मग पाऊल न टाकता पूर्ण गोल, ८ मीटर. शेवटी पाऊल, १० मीटर, आणि अचूकपणा आला की १३.११. या सगळ्याला चार महिने लागतात. घाईनं सहा आठवड्यांत उभी केलेली पिचर पहिल्या स्पर्धेत वेगानं टाकते आणि १२ वॉक (चार चुकीचे चेंडू, म्हणजे 'बॉल', पडले की बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) देते.

पाटीपासून होमपर्यंत फक्कीची सरळ रेघ मारा. पुढचं पाऊल त्या रेघेवर पडलं पाहिजे, बोटं साधारण ४५ अंशांत. चेंडू सतत उंच जात असेल तर तो उशिरा सुटतोय. सतत जमिनीत जात असेल तर लवकर सुटतोय किंवा मुलगी कमरेत पुढे वाकतेय. डावीकडे-उजवीकडे जात असेल तर हाताकडे बघू नका, आधी पाऊल रेघेवर आहे का बघा. बहुतेकदा दोष तिथेच असतो. चेंडू सुटताना हात कमरेच्या खाली आणि मनगट कोपरापेक्षा शरीरापासून लांब नको, हा नियमच आहे. क्रिकेटची गोलंदाजी केलेल्या मुलींचा मागचा पाय पुढे उडी मारून पुन्हा जमीन ढकलतो, त्याला क्रो हॉप म्हणतात आणि तो बेकायदा. पंचानं धरला तर बॅटरला बॉल मिळतो. यावर तोंडी सूचना कुचकामी. मागच्या पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ उमटली पाहिजे, एवढंच बघा. रेघ तुटली की उडी झाली.

शनिवारपेठी
हे सगळं मान्य. पण किती चेंडू टाकायला लावायचे? 'खालून टाकायचं आहे, खांद्याला काही होत नाही' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य. कॅन्ड्रिया यांचा २००७ चा संघ बघा, टॅरिन मोवॅटनं कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये (विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी) ६० इनिंग एकटीनं टाकल्या. १,०३५ चेंडू. जपानच्या युकिको उएनोनं २००८ ला बीजिंगमध्ये दोन दिवसांत ३ सामन्यांत ४१३. हे आदर्श म्हणून सांगायचं की धोक्याची पाटी म्हणून?

१३_मीटर_११
धोक्याची पाटी म्हणूनच. मोवॅट आणि उएनो प्रौढ, वर्षानुवर्षं घडलेल्या पिचर. हात ९ च्या काट्यापासून खाली येऊन चेंडू सुटेपर्यंत दंडाच्या पुढच्या स्नायूवर आणि खांद्यावर जबरदस्त ओढ येते. खालून टाकल्यानं ती नाहीशी होत नाही. 'खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय' असं मुलगी म्हणाली की त्या दिवशी पिचिंग बंद, मलम लावून पुन्हा उभी करायची नाही.

माझे आकडे, कुणी कमी केले तर माझी हरकत नाही: १४ खालील मुलीला दिवसाला ८०, तेही सरावाच्या आणि सामन्याआधीच्या चेंडूंसकट. १७ खालील १००. सलग दोन दिवस टाकलं की तिसरा दिवस पूर्ण रजा. अडचण अशी की आपल्या जिल्हास्तरीय स्पर्धेत एका दिवशी तीन-तीन सामने लागतात. एकच पिचर असेल तर प्रशिक्षकाला मुलीचा खांदा किंवा स्पर्धा यातलं एक निवडावं लागतं. बहुतेक जण काय निवडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मघाशी रांग म्हटलं. सोळा जणींच्या संघात तिघींना पिचिंग आलंच पाहिजे, त्यातली एक खालच्या वयाची.

उएनोचंच पुढचं उदाहरण घ्या. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ती ३९ वर्षांची होती. मधे मियू गोटोला आणून पुन्हा उएनोला पाठवलं आणि २-० जिंकले. प्रशिक्षक होत्या रेइका उत्सुगी. बीजिंगचा हिशेब त्यांनी दुसऱ्या हाताला वाटून दिला.

पर्वतीपायथा
चेंडू मोजायचे कसे? सामना चालू असताना सरांना हजार व्यवधानं.

स्कोअरबुक
सरांनी मोजायचेच नाहीत. राखीव मुलीच्या हातात क्लिकर, शंभरेक रुपयांत मिळतो. तीच प्रत्येक इनिंगनंतर आकडा स्कोअरबुकाच्या समासात लिहिते. शिवाय समासातल्या आकड्यांनी आपोआप एक गोष्ट दिसते: एका इनिंगला साधारण १५ चेंडू ठीक. २५ च्या पुढे गेले की पुढच्या इनिंगला वेग किंवा अचूकपणा कोसळतो. बदली त्याआधी उभी करून ठेवायची, नंतर नाही.

वर्तुळाचं फक्कीवाल्यांनी माझ्यावर ढकललं आहे. पिचरच्या हातात वर्तुळाच्या आत चेंडू आला की बेसमधल्या धावणाऱ्या मुलीला लगेच एक दिशा धरावी लागते, पुढे किंवा मागे. थबकून हूल देत राहिली की आऊट. त्याआधीचा नियमही क्रिकेटवाल्या मुलींना जड जातो: चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही. आपल्या १४ खालील सामन्यांत फुकट जाणारे आऊट बहुतेक या दोन नियमांत असतात. वर्तुळ आखलेलंच नसेल तर मुली हे शिकणार कुठून?

दुसरं, आपल्याकडचे अनुभवी म्हणवणारे सर डीपी-फ्लेक्समध्ये अडकतात. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर काढून दाखवा. यादीत दहा नावं: नऊ बॅटिंग करणाऱ्या, दहावी फ्लेक्स, जी फक्त क्षेत्ररक्षण करते. तिच्या जागी बॅटिंग करते ती डीपी. सहसा फ्लेक्स म्हणजे पिचर. डीपी कुठल्याही जागी क्षेत्ररक्षणाला येऊ शकते आणि जिच्या जागी आली ती फक्त बॅटिंग करत राहते. पण ती फ्लेक्सच्या जागी आली की फ्लेक्स सामन्याबाहेर आणि संघ नऊंवर. फ्लेक्स बॅटिंगला आली तर फक्त डीपीच्याच क्रमांकावर, आणि मग डीपी बाहेर. सुरुवातीच्या प्रत्येक खेळाडूला एकदा परत येता येतं, पण बॅटिंगच्या त्याच क्रमांकावर. गोंधळ असा होतो की सर फ्लेक्सला भलत्याच क्रमांकावर बॅटिंगला पाठवतात आणि समोरच्या संघानं हरकत घेतली की भोपळा. प्रत्येक बदल पंचाला तोंडी सांगून स्वतःच्या यादीवर वेळेसकट लिहा. स्मरणशक्तीवर विसंबू नका, तुमची कितीही चांगली असो.

डावरी_धाव
सगळं पिचिंगवरच चाललंय. कॅन्ड्रिया यांचं नाव बॅटिंग शिकवण्याबद्दल जास्त घेतात. आणि निवृत्तीनंतर त्यांच्या जागी कोण आलं? केटलिन लोव. ॲरिझोनाची सेंटर फील्डर, डावखुरी स्लॅपर, २००६ आणि २००७ च्या विजेत्या संघात, २००८ च्या ऑलिंपिक संघातही त्यांच्याच हाताखाली. पुढे त्यांचीच सहायक. कारकीर्द म्हणताना हेही मोजा की मागे कोण उभं केलं. आपल्याकडे सर निवृत्त झाले की किटबॅगची किल्लीसुद्धा सापडत नाही.

स्लॅपिंगबद्दल थोडं, कारण पुण्यात यासाठी तयार माल आहे: खो-खोच्या मुली. पहिल्या तीन पावलांतला वेग त्यांच्याकडे असतोच. स्लॅपर डावीकडून उभी राहते, म्हणजे पहिला बेस दोन पावलं जवळ. चौकटीत मागे उभं राहायचं, पिचर चेंडू सोडायच्या बेतात असताना उजवा पाय किंचित मागे, डावा पाय ओलांडून पुढे, आणि चालता चालता चेंडू शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसच्या मधे जमिनीवर मारायचा. चेंडूला टोला लागल्यापासून पहिल्या बेसला पाय लागेपर्यंत ३ सेकंदांच्या आत आलं की शॉर्टस्टॉपला हातात चेंडू घोळवायला वेळच उरत नाही.

बिघडतं ते असं. मुलगी चेंडूच्या आधी पळते, मग बॅट एका हाताने चेंडूपर्यंत लांबवावी लागते आणि झेल उडतो. टोल्याच्या वेळी पाय पूर्णपणे चौकटीच्या बाहेर टेकलेला असेल तर आऊट, म्हणून फक्कीची चौकट सरावालाही हवी. आणि क्रिकेटमधून आलेली मुलगी बॅट हातात घेऊनच पळते, वर चेंडू कुठे गेला ते बघायला मान वळवते. बॅट टाकायची, बघायचं नाही, बेस ओलांडून पुढे जायचं, कारण पहिल्या बेसला ओलांडायची मुभा आहे. दुहेरी बेस असेल तर केशरी भाग धावणारीचा, पांढरा क्षेत्ररक्षकाचा. हे रोज सरावाच्या शेवटी प्रत्येकीनं पाच वेळा. सांगून कळतं सगळ्यांना, पण सामन्यात पाय जुन्या सवयीनंच पळतात.

शनिवारपेठी
उजव्या हाताच्या मुलीला डावीकडून उभं करायचं?

डावरी_धाव
हो, बऱ्याच स्लॅपर अशाच घडवलेल्या असतात. टी-वर (चेंडू ठेवायचा उभा खुंट), नंतर शेजारून हळू फेकलेल्या चेंडूवर. वय बारा-तेरा असेल तर तीन महिन्यांत जमतं. १७ खालील गटात आल्यावर बदलायला जाऊ नका, दोन्हीकडची बॅटिंग जाते.

पर्वतीपायथा
साहित्याची यादी कुणी देईल का? विद्यार्थी पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि मुख्याध्यापकही.

फक्कीवाला
सोळा जणींचा संघ धरा. चेंडू २४, बारामध्ये सराव अर्धा वेळ चेंडू गोळा करण्यात जातो. बॅट ५, लांबी ३० ते ३३ इंच. नियमात कमाल ३४ इंच लांबी आणि ५.७ सेंटिमीटर जाडी आहे. जाडी तपासायच्या कडीतून पास होत नाही अशी चेपलेली बॅट पंच बाजूला काढतात, म्हणून स्पर्धेच्या आधी स्वतः तपासा. ग्लोव्ह १२, त्यातले २ डावखुऱ्यांसाठी. हे दरवेळी विसरतात, मग डावखुरी मुलगी उलटा ग्लोव्ह घालून खेळते आणि चेंडू सांडते. कॅचरचा जाड मिट १, पहिल्या बेसचा १. कॅचरचा पूर्ण संच २ (मास्क, छातीचं, पायाचं), कारण सरावात दोन पिचर एकाच वेळी टाकतात. बॅटिंगची हेल्मेट ६. टी २, जाळी १. क्रिकेटचं हेल्मेट घालून काम भागवू नका, नजरेची बाजू वेगळी झाकली जाते.

पैसे कमी असतील तर बॅट कमी घ्या, कॅचरचा संच नाही. मास्कशिवाय कॅचर बसवणं हा गुन्हाच. ९० किलोमीटर वेगाचा चेंडू पिचरच्या हातातून प्लेटपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत येतो आणि मधे बॅट फिरते.

१३_मीटर_११
मूळ विषयाकडे. पोटापाण्याचं कुणीच बोललं नाही. कॅन्ड्रिया पगारी, पूर्णवेळ. तिथे १९७२ च्या कायद्यानं मुलींच्या खेळाला मुलांच्या बरोबरीची संधी देणं शिक्षणसंस्थांना बंधनकारक झालं आणि १९८२ पासून एनसीएए या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेची मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा सुरू झाली. त्याचा फायदा त्या पिढीला मिळाला. मिशिगन विद्यापीठाच्या कॅरल हचिन्स त्याच पिढीच्या, त्यांचे एकूण विजय १,७०७, म्हणजे कॅन्ड्रिया यांच्या ॲरिझोनातल्या विजयांच्याही पुढे. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या पॅटी गॅसो यांची ८ विजेतेपदं, त्यातली २०२१ ते २०२४ सलग चार.

आपल्याकडे बहुतेकांची वाट बीपीएड, शाळेत क्रीडाशिक्षक, आणि सॉफ्टबॉल सकाळ-संध्याकाळ वरून. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम आहेत. त्या वर्षी कुठल्या खेळाला जागा आहेत ते जाहिरातीत बघूनच ठरवा. नुसत्या मानधनावर घर चालत नाही. विद्यार्थ्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा.

स्कोअरबुक
त्यात एक जोड. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि पालक मुलीला मैदानावर पाठवण्यामागे ते एक मोठं कारण असतं. प्रमाणपत्राची पडताळणी मात्र खेळल्यानंतर पाच-सात वर्षांनी होते. तेव्हा स्पर्धेची प्रवेशिका, संघाची यादी, निकालपत्रक, जन्मतारीख अशी कागदपत्रं मागतात. शाळेत ते सापडत नाही, सर बदललेले असतात, मुलगी हेलपाटे घालत राहते. प्रत्येक स्पर्धेची एक फाईल, तिच्यात यादीची शिक्क्यासह प्रत, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, आणि त्याच दिवशी फोनवर फोटो काढून ठेवायचा. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मार्गदर्शकांनाही असतो, त्याच्या अर्जालाही कागदच लागतात.

शनिवारपेठी
'काहीही घेता येणार नाही' मागे घेतो, निम्मं. स्टेडियम सोडून बाकीचं घ्या. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, सामने ओक्लाहोमा सिटीत. २०१२, २०१६ आणि २०२४ ला नव्हता. तेव्हा दोन वर्षं अचानक चौकशा वाढतील आणि दर गल्लीत एक 'तज्ज्ञ' उगवेल. त्याला १३.११ माप कुठून कुठपर्यंत, एवढं विचारा.

पर्वतीपायथा
आभार सगळ्यांचे. टिपणाचा क्रम बदलतोय: सेंट्रल ॲरिझोनाची पाच वर्षं पुढे आणि सविस्तर, मग पिचरची रांग, ऑलिंपिक एका परिच्छेदात, शेवटी लोव. फक्कीची आखणी प्रत्यक्ष मैदानावर करून घेणार. एक शंका राहिली. माझ्याकडे ३० मीटरची एकच टेप आहे. चालेल का?

फक्कीवाला
चालेल. न ताणणारी दोरी घ्या, ३६.५८ मीटर अधिक दोन्ही टोकांना गाठीपुरती. बरोबर मध्यावर, म्हणजे १८.२९ वर, गाठ मारून लाल फडकं बांधा. एक टोक होमला, एक दुसऱ्या बेसच्या खुंटीला, आणि फडकं धरून उजवीकडे ताणलं की पहिला बेस, डावीकडे ताणलं की तिसरा. सुतळी वापरू नका, दवानं आखडते. दोरी दर महिन्याला टेपवर मोजून घ्या, गाठी सरकतात.